हॉलमधल्या फायरप्लेसला नवं रूप देताना : बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

कॅम्पातले जुने बंगले, टिळकवाडीतली आजोबा-पणजोबांच्या वेळची घरं आणि हल्ली फार्महाउस म्हणून जांबोटी रस्त्याला उठलेली नवी बांधकामं, तिन्हींकडून तेच तेच प्रश्न येतात. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही. जिथं लागेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिलाय, तो बघून घ्या.

१. फायरप्लेसचा लूक बदलायचाय. सुरुवात कुठून करू? रंग, टाइल्स की लाकडाची फळी?

तिन्हींच्या आधी एक गोष्ट ठरवा: ती पेटवणार आहात, की नुसती शोभेला ठेवणार आहात? बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १२-१३ अंशांवर येतो, त्यामुळे शेकत बसावंसं वाटणं काही खुळेपणाचं नाही. पण पेटवायची असेल तर साहित्याची निम्मी यादी तिथंच कटाप होते. पीव्हीसी गेलं, प्लायवूड गेलं, तोंडाजवळचं लाकूड गेलं. शोभेची असेल तर मन मानेल ते करा, फक्त ओल तेवढी बघा (प्रश्न ३).

"तसं काही नाही, कधीतरी पेटवू" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना आम्ही "पेटवणार" याच यादीत धरतो. थर्टी फर्स्टला पाहुणे जमले की कुणीतरी चार लाकडं आत टाकतंच.

२. आमच्या घरातली चिमणी चालू आहे की बंद, घरबसल्या कसं कळणार?

दुपारी आत डोकं घालून टॉर्च न लावता वर बघा. उजेडाचा कवडसा दिसला तर निदान वाट मोकळी आहे. चिमणी वळणाची असेल तर उजेड दिसणार नाही, म्हणून दुसरी परीक्षा: हॉलचा पंखा बंद करा, एक खिडकी थोडी उघडी ठेवा आणि पेटलेली उदबत्ती फायरप्लेसच्या तोंडाच्या वरच्या कडेखाली धरा. धुराची रेघ आत वळून वर गेली तर ओढ आहे. रेघ तिथंच घुटमळली किंवा तुमच्याकडे परतली, तर वर काहीतरी अडलंय. आमच्या भागात ते "काहीतरी" बहुधा तीनांपैकी एक असतं: आधीच्या मालकानं पावसाला कंटाळून वर टाकलेली कडप्प्याची लादी, कोंबलेली पोती, नाहीतर मधमाश्यांचं पोळं. पोळं असेल तर खालून धूर करून माश्या हाकलायला जाऊ नका. मेण वितळतं आणि पेटही घेतं. पोळी काढणारा माणूस बोलवा.

धुराची वाट उघडबंद करणारी लोखंडी झडप असेल तर ती उघडून मगच परीक्षा घ्या. गंजून बसलेली झडप हातोडीनं ठोकली की बिजागरी तुटते. आधी तेल सोडा आणि दोन दिवस थांबा.

३. फायरप्लेसच्या वरचा भिंतीचा रंग दर पावसाळ्यानंतर फुगतो, पोपडे सुटतात. टिकेल असा कुठला रंग मारावा?

कुठलाच टिकणार नाही. हा रंगाचा आजार नव्हेच. चिमणी छपरातून बाहेर पडते तिथं मंगलोरी कौलं आणि विटा यांच्यामध्ये सांधा असतो, आणि खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस तो सांधा बरोबर हुडकून काढतो. पाणी विटांतून झिरपत खाली येतं, येताना चुन्यातले-विटांतले क्षार घेऊन येतं. भिंत वाळली की ते क्षार पृष्ठभागावर पांढरे होऊन फुटतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. त्यावर कितीही महागडा वॉटरप्रूफ इमल्शन मारलात तरी क्षार त्याला आतून ढकलून पाडतात. उलट रंग जितका हवाबंद, तितका फुगा मोठा.

उपाय वरून खाली करत यायचा. चिमणीच्या डोक्यावर पत्र्याची टोपी हवी. बाजूंनी जाळी असली की धूर जातो, पाऊस आणि पारवे येत नाहीत. कौलं भिडतात तिथला जुना सिमेंटचा लपेट खरवडून पत्र्याची पट्टी विटांच्या दरजेत खोवून घ्यावी. नुसता सिमेंटचा लपेट दोन उन्हाळ्यांत तडकतो, हे छपरावरच्या कुठल्याही मेस्त्रीला ठाऊक असतं, तरी तोच मारला जातो. चिमणीच्या वरच्या अंगाला पाणी तुंबत असेल तर तिथं पन्हळ काढून पाणी दोन्हीकडं फोडावं.

हे काम मिरगाच्या आधी. आतलं काम मात्र दसरा-दिवाळीनंतर, भिंत वाळू देऊन. वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. दोन फुटी प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावा आणि दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला दव दिसलं तर अजून थांबा. लोण्यानं खाल्लेला गिलावा झाडून पुन्हा सिमेंटचाच करू नका, जुन्या चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच करा. भिंतीला श्वास मिळतो.

४. विटांवर वर्षानुवर्षांचं काळं बसलंय. बाथरूमच्या ॲसिडनं घासलं तर निघेल का?

काजळी निघेल न निघेल, दरजांतला चुना मात्र नक्की निघेल. शहाबादी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचेच दगड, त्यांवर ॲसिड पडलं की चकाकी कायमची गेली. आधी कोरड्या ब्रशनं झाडा, आधीच पाणी मारलंत तर काजळी विटांत आणखी मुरते. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून ताठ ब्रशनं घासा, हातमोजे घालून. तरी उरलेले डाग असतील तर मुलतानी माती त्याच सोड्याच्या पाण्यात घट्ट भिजवून अर्धा इंच थापा, वर प्लॅस्टिक लावून रात्रभर ठेवा, सकाळी प्लॅस्टिक काढून वाळू द्या आणि लाकडी उलथन्यानं खरवडा. माती डाग ओढून घेते.

शंभर टक्के स्वच्छ होईल या आशेवर राहू नका. आणि खरं सांगायचं तर थोडी काळसर छटा शोभतेच.

५. लाल विटा जुनाट वाटतात, पांढऱ्या करायच्यात. ऑइल पेंट की डिस्टेंपर?

ऑइल पेंट नको. एकदा विटांच्या भोकांत बसला की पुन्हा कधी निघत नाही, आणि दोन वर्षांनी पिवळा पडतो. डिस्टेंपर हात पुसला की हाताला लागतो. आमचं मत चुन्याच्या बाजूनं आहे. विरवलेला चुना वस्त्रगाळ करून, थोडा डिंक घालून ताकाइतका पातळ करा. विटा पाण्यानं ओल्या करून घ्या, आणि हाताला पातळ वाटेल असाच पहिला हात मारा. ओला असताना काहीच दिसत नाही, मेस्त्री म्हणतो "अजून घट्ट करू काय?" करू देऊ नका. वाळत जाईल तसा तो पांढरा होतो. जाड मारलेला चुना तडकून पडतो. असे तीन पातळ हात पुरतात. मध्ये-मध्ये ओल्या फडक्यानं पुसलं तर विटांची लाली थोडी डोकावते, तेही छान दिसतं. चुना डोळ्यांत गेला तर वाईट, चष्मा लावूनच काम करा.

हे सगळं बाहेरच्या दर्शनी विटांचं. आतल्या पोकळीत, जिथं ज्वाळा लागते तिथं, चुना नको आणि साधा रंगही नको. तिथं ६०० अंशांपर्यंत टिकणारा उष्णतारोधक काळा रंग मिळतो, तो वापरा किंवा विटा तशाच ठेवा.

६. भोवती दगड लावायचाय. शहाबादी, कडप्पा, ग्रॅनाइट की जांभा?

भोवती लावायला चारही चालतील, आत लावायला एकही नाही. शहाबादी आणि कडप्पा थरांचे दगड आहेत. थेट ज्वाळा लागली की थर सुटतात, कधी टचकन आवाज होऊन कपचा उडतो. ग्रॅनाइटही एकदम तापला-निवला की तडकतो. पोकळीच्या आत फक्त भट्टीची वीट (प्रश्न ९).

दिसण्याचं म्हणाल तर इलकलचा तांबूस ग्रॅनाइट या भागात सहज मिळतो, पण पॉलिश केलेला हॉलमध्ये फार चकचकतो, बँकेच्या काउंटरसमोर बसल्यागत वाटतं. तोच खरबरीत करून घेतला तर वेगळाच दिसतो. जांभा घरचा दगड, रंग सुरेख, पण तो सच्छिद्र असतो. धूळ धरतो, काजळी पितो. लावणार असाल तर आधी पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून, चमक न देणारा सीलर मारून घ्या.

आणि एक पर्याय लोक विसरतात: भाजलेल्या मातीच्या टाइल्स. खानापूरची माती कौलं आणि कुंभारकामासाठी जुनी नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्थाही तिथंच आहे. भट्टीतून निघालेल्या टाइलला शेकोटीच्या उबेची भीती नसते.

पुढच्या ओट्याचंही माप बघा. तोंडाच्या पुढं किमान १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच तरी न पेटणारी फरशी हवी. तोंड मोठं, म्हणजे ६ चौरस फुटांच्या वर असेल, तर पुढं २० आणि बाजूंना १२. जुन्या बंगल्यांत ओटा असतोच, नव्या बांधकामांत वुडन फ्लोरिंग तोंडापर्यंत आणतात.

७. वरती सागवानी फळी बसवायचीय. सुतार म्हणतो चार इंच अंतर पुरे. पुरेल का?

पेटवणार असाल तर नाही. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेत यासाठी नेमकं माप आहे आणि आम्ही तेच धरतो. तोंडाच्या कडेपासून ६ इंचांच्या आत लाकूड अजिबात नको. ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात लाकूड असेल तर दर इंच अंतरामागं एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढंच ते पुढं यायला हवं. सुताराला हे सुतांत सांगितलं की लगेच कळतं: ८ इंचांवर आठ सूत, म्हणजे एक इंच बाहेर. ६-७ इंच रुंद फळी हवी असेल तर सरळ १२ इंचांच्या वर जा.

लाकडाचं म्हणाल तर नवं सागवान घेण्यापेक्षा पाडलेल्या जुन्या घराची तुळई शोधा. मुरलेलं लाकूड उबेनं पिळत नाही. त्यावर जुना रंग असेल तर प्रश्न १५ वाचल्याशिवाय रंधा लावू नका.

८. पीव्हीसी पॅनेल, एमडीएफची सीएनसी जाळी, पीओपीचं डिझाइन... यातलं काय चालेल?

शोभेच्या फायरप्लेसला सगळं चालेल. पेटत्याला पीव्हीसी आणि एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) नाही. पीव्हीसी वितळतं आणि त्याचा धूर विषारी असतो. पीओपी स्वतः पेटत नाही, पण जिप्समच असल्यानं सतत तापलं की भुसभुशीत होतं, म्हणून तोंडापासून लांब, छताकडच्या भागातच ठेवा. उष्णतेसाठी म्हणून मागं सिमेंटचा पत्रा लावायची पद्धत आहे, ती सोडा: जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे तापले की फुटून उडतात. कॅल्शियम सिलिकेट बोर्ड घ्या.

९. आतल्या विटा ढासळल्यात, जाळीही गंजलीय. बेळगावात सामान मिळेल की पुण्याहून मागवू?

मुंबई-पुण्याच्या ऑनलाइन दुकानांची पानं बघत बसण्याआधी उद्यमबागला एक चक्कर मारा. बेळगाव फाउंड्र्यांचं गाव आहे. भट्टीला अस्तर लावायला इथं रोज फायर ब्रिक (भट्टीची वीट) आणि फायर क्ले लागतं, तेच तुमच्या फायरप्लेसला लागतं. दरजा अगदी बारीक ठेवा, सुताच्या आसपास, आणि साधं सिमेंट मिसळू नका, ते उष्णतेनं भुगा होतं. काम झाल्यावर पहिल्याच दिवशी मोठा जाळ करायचा नाही. आठवडाभर वाळू द्या, मग तीन-चार दिवस चिपाडांचा बारीक जाळ, मग लाकडं.

जाळीचंही तसंच. जुनी बिडाची जाळी तुटली असली तरी तुकडे टाकू नका. ते जोडून साचा काढता येतो आणि तशीच जाळी ओतून मिळते. एकच नग म्हटल्यावर फाउंड्रीवाले तोंड वाकडं करतात. एखाद्या ओळखीच्याकडून सांगून जा.

१०. फायरप्लेसचं तोंड फार लहान दिसतं. फोडून मोठं करू का?

चिमणीचं माप बघितल्याशिवाय नको. धुराच्या वाटेचं क्षेत्रफळ तोंडाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं लागतं. ३० बाय ३० इंचांचं तोंड म्हणजे ९०० चौरस इंच, त्याला ९० चौरस इंचांची, म्हणजे साडेनऊ इंची चौकोनी वाट हवी. तोंड वाढवलं आणि वाट तीच राहिली तर धूर हॉलमध्ये. मोठं दिसायलाच हवं असेल तर भोवतीची चौकट रुंद आणि गडद रंगाची करा, डोळा फसतो.

११. वरच्या भिंतीवर टीव्ही लावला तर चालेल का?

पेटत्या फायरप्लेसवर नको. बहुतेक टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. शोभेची असेल तरी मान वर करून मालिका बघायची तयारी ठेवा.

१२. आमचा फ्लॅट आहे, चिमणी नाही. तरी फायरप्लेससारखं काही करता येईल का?

तीन प्रकार मिळतात. इलेक्ट्रिक: आत एलईडीची ज्वाळा आणि हीटर. हीटर १५०० वॉटचा असेल तर तासाला दीड युनिट, हेस्कॉमच्या बिलात तो दिसणारच. त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट लागतो, टीव्हीच्या एक्स्टेन्शनवर लावू नका. ज्वाळा हीटरशिवाय चालते आणि बहुतेक लोक वर्षभर तेवढंच वापरतात. दुसरा पाण्याच्या वाफेचा: दिसायला सर्वात खरा, पण बेळगावच्या पावसाळ्यात खोलीत आणखी दमटपणा कोण घेणार? तिसरा बायोइथेनॉलचा, ज्यात खरी ज्वाळा असते. त्याला चिमणी लागत नसली तरी तो खोलीतला ऑक्सिजन खातो, खिडकी उघडी हवीच. इंधन संपलं की बर्नर पूर्ण निवल्याशिवाय पुन्हा ओतायचं नाही. गरम बर्नरवर ओतताना भडका उडतो. त्यात स्पिरिट, पेट्रोल असलं काहीही नको.

१३. फायरप्लेस वापरात नाही. त्या कोनाड्यात देवघर केलं तर? आणि वास्तूच्या दृष्टीनं?

करणारे करतात. अडचणी तीन. जागा पायाशी असते, म्हणून आत दीड-दोन फूट ओटा बांधावा लागतो. वरून चिमणीतली माती आणि पाणी देवांवर येतं, म्हणून वाट बंद करावी लागते. पण ती हवाबंद केली की आत ओल धरते. वर टोपी आणि खाली छोटी जाळी, अशी हवा खेळती ठेवूनच बंद करा. तिसरी अडचण वास्तूचीच: शास्त्रवाले अग्नी आग्नेयेला सांगतात आणि देवघर ईशान्येला. एकच कोपरा दोन्ही होणार नाही. गणपतीच्या दिवसांत मखर म्हणून मात्र ही जागा झकास दिसते.

१४. भाड्याचं घर आहे. मालक खिळाही मारू देत नाहीत. काय करता येईल?

पोकळी झाडून आत माळ्यावरचा तांब्याचा बंब घासून ठेवा. एवढ्यानं अर्धं काम होतं. वरच्या फळीवर गोकाकची लाकडी खेळणी, पुढं एखादी समई. फार वस्तू नकोत. चिमणीची वाट उघडी असेल तर आत कापडी काही लटकवू नका. कॅम्पातला बंगला असेल आणि मालक तयार असले तरी रंगरंगोटीच्या पलीकडे, म्हणजे चिमणी, भिंत, छप्पर याला हात लावायचा झाला, तर कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी लागते. ती मालकानंच काढायची.

१५. जुन्या फळीवर रंगाचे सात-आठ थर आहेत. घासकागद मारू का?

कोरडा नको. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा भारतात २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाबद्दल सावध राहिलेलं बरं. रंग काढायचं जेल लावून, ओलसर असतानाच खरवडा. भुकटी उडू देऊ नका आणि लहान मुलांना, गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. निघालेले पोपडे आणि ते लाकडाचे तुकडे शेकोटीत तर अजिबात घालायचे नाहीत.

आतल्या लोखंडी खोक्याभोवती पांढरी जाड दोरी किंवा पुठ्ठ्यासारखा पांढरा बोर्ड दिसला तर तोही ओढू, कापू नका. ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

१६. वाटणीत खालचा मजला माझ्याकडं आणि वरचा धाकट्या भावाकडं आलाय. माझ्या फायरप्लेसची चिमणी त्याच्या बेडरूममधून जाते. तो म्हणतो, मी माझ्या खोलीतला भाग पाडून कपाट करतो. चालेल का?

असं परस्पर पाडायचं नाही. छपरावरची चिमणी भावाच्या खोलीतल्या विटांवर उभी असते. त्या काढल्या की वरचं वजन अधांतरी, आणि ते कधी खाली येईल सांगता येत नाही. पाडायचंच असेल तर काम छपरावरून सुरू करून खाली यायचं, किंवा इंजिनिअरकडून हिशोब करून लोखंडी गर्डर टाकायचा. दोन्हींत तुमची फायरप्लेस कायमची शोभेची होते, हे धरून चला. मग वर सांगितलेली पीव्हीसी, टीव्ही, देवघर ही सगळी दारं तुम्हाला उघडी.

उलट तुम्हाला पेटवायची असेल तर भावाच्या खोलीतला भाग तपासणं तुमच्यावर येतं. विटांच्या दरजा उघड्या असतील तर कार्बन मोनॉक्साइड त्याच्या खोलीत जातो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपलेला असतो. जुन्या चिमणीत आतून स्टेनलेस स्टीलचा पाइप सोडणं हा खात्रीचा उपाय. शिवाय त्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, खर्च तुमचा. आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत झडप लावायची नाही.

वाटणीपत्रात चिमणी कुणाची हे बहुधा लिहिलेलं नसतं. छपरावरच्या भागाची दुरुस्ती कुणी करायची, एवढं कागदावर दोघांच्या सह्यांनिशी लिहून घ्या आणि मगच मेस्त्रीला वर चढवा.